सशाला बीळ नसतं

लग्न होऊन केंदूरला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात मी सासूबाईंनी मुद्दाम राखून ठेवलेलं गवत त्यांना न विचारता सपाट कापून टाकलं, आणि वर कमरेवर हात ठेवून शाबासकीची वाट बघत उभी राहिले. आज हे उघड सांगायला मला भीती नाही, कारण त्याबद्दल शिव्या देणारं माणूस आता उरलेलं नाही. जे होतं त्यानं तेव्हाच भरपूर देऊन ठेवल्यात, अजून पुरतात.

माझं माहेर दौंडकडचं, भीमेच्या काठचं. तिकडे काळी जमीन, पाटाचं पाणी आणि नजर जाईल तिथवर ऊस. आमच्यात गवत म्हणजे तण. कुणाच्या बांधावर गवत दिसलं की माझी आई नाक मुरडून म्हणायची, "ह्या घरची बाई आळशी दिसतीय." अशा आईच्या हाताखाली वाढलेली मी, आणि मला दिली कुठं, तर केंदूरच्या कोरड्या मुलखात. घराच्या मागं मुरमाड माळाचा उतार, उताराच्या तळाला ओढा, आणि घरापासून ओढ्यापर्यंत कमरेइतकं पिवळं गवत. पवना, मारवेल, आणि मधेमधे ती कुसळी. कुसळीची टोकं साडीच्या निऱ्यांत अशी घुसायची की रात्री चिमणीच्या उजेडात बसून एकेक काढावं लागायचं. मला वाटायचं, आपल्या बापानं आपल्याला कुठल्या वनवासात टाकलं! गावातल्या बायका मला नावानं हाक मारतच नव्हत्या. 'दौंडवाली' म्हणायच्या, आणि ते म्हणताना ओठ जरा वाकडे करायच्या. मला तर तो मानच वाटायचा. इतकी शहाणी होते मी.

दिवाळी झाली की गवत कापायचं. बायका हातात विळे घेऊन एका ओळीत उभ्या राहायच्या, घराकडून सुरुवात करायच्या आणि कापत कापत ओढ्याकडे उतरायच्या. कापलेल्या गवताच्या पेंढ्या मागं पडत जायच्या. पण ओढा जवळ आला की सासूबाई हात वर करायच्या आणि सगळ्याजणी थांबायच्या. ओढ्याच्या कडेला एक पट्टा तसाच उभा ठेवायचा, पुढचा पाऊस पडून नवं गवत वर येईपर्यंत. त्याला सासूबाई 'सशाचा वाटा' म्हणायच्या. त्या पट्ट्याला जनावर लावायचं नाही, विळा लावायचा नाही, काडी लावायची नाही.

मी मनात म्हटलं, वा! कापायचा कंटाळा आपला आणि नाव सशाचं.

मग एका बाजाराच्या दिवशी सासूबाई आणि मामंजी तळेगाव ढमढेऱ्याला गेले. घरात मी एकटी. सकाळची भांडी झाली, शेण झालं, आणि माझ्या अंगात आईचा संचार झाला. विळा घेतला आणि उतरले माळ. दिवसभर वाकून कापत होते. तळहाताला फोड आले, ते फुटले, तरी कापत होते. सूनबाई कशी कामाची आहे ते आज दाखवायचंच होतं. दुपारी एका झुडक्यापाशी विळा घातला आणि गवतात दोन सशाची पिल्लं दिसली. मुठीएवढी. अंगावर केस, डोळे टक्क उघडे, पण हालायचं नाव नाही. नुसती जमिनीला चिकटून बसलेली, जणू मी तिथं नाहीच.

आता माझं सशाबद्दलचं ज्ञान सांगते. शाळेच्या पुस्तकात एक चित्र होतं: पांढराशुभ्र ससा बिळातून डोकं बाहेर काढून बसलाय आणि त्याच्या हातात गाजर. माझं शिक्षण त्या गाजरापाशी संपलेलं. त्यामुळे मी आधी आजूबाजूला बीळ शोधलं. दोघांना बिळात ढकलावं, असा माझा थोर विचार. बीळ सापडेना. मग म्हटलं, अरेरे, अनाथ दिसतात. पदराच्या ओटीत घालून घरी आणलं, पाटीखाली झाकून ठेवलं आणि शेळीच्या दुधाचं बोट त्यांच्या तोंडाला लावत बसले. पुण्याचं काम केल्याचा आनंद काय वर्णावा!

संध्याकाळी सासूबाई आल्या. परड्यात उभ्या राहून त्यांनी माळाकडे पाहिलं, आणि बाजाराची पिशवी हळूच खाली ठेवली.

"आगं, ह्ये काय केलंस?"

"आत्याबाई, राहिलं होतं ना तेवढं. साफ केलं सगळं."

"ऱ्हायलं नव्हतं. ठिवलं हुतं."

"सशासाठीच ना? मग त्यात काय? जातील की ते आपापल्या बिळात."

सासूबाईंनी पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "कुठल्या बिळात?"

"त्यांच्या."

"चल, दाव मला. दाव ना. ह्या माळावर म्या म्हातारी झाले, मला कवा सशाचं बीळ घावलं न्हाई. दौंडवाल्यास्नी पयल्याच वरसाला घावलं का काय?"

मामंजी पाठमोरे होऊन हसत होते, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. मी आपली बाजू भक्कम करायला पाटी उचलून पिल्लं दाखवली. म्हटलं, "बघा, आई नाही बिचाऱ्यांना. मी दूध पाजलं."

तेव्हा मात्र सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आगं येडे, सशाला बीळ नसतं! त्यो काय घूस हाय उकरायला? गवताच्या बुडाला आंग टेकतो, त्येच त्याचं घर. आन् आई काय तुझ्यावानी दिसभर लेकराला उराशी धरून बसती? दिस मावळला की येती, पाजती आन् जाती. दिसभर लेकरास्नी गवातच सांभाळतं. ती तिकडं येऊन हुडकत आसंल आता, आन् तू हितं शेरडाचं दूध पाजतीस!"

पिल्लं परत न्यायचं ठरलं. पण परत न्यायची म्हणजे ठेवायची कुठं? गवत तर माझ्या कर्तबगारीनं भुईला मिळालेलं. तेव्हा सासूबाईंनी मीच बांधलेल्या पेंढ्या घेतल्या, पिल्लं सापडली त्या जागी चारी बाजूंनी उभ्या केल्या, शेंडे एकमेकांत अडकवले आणि खाली वीतभर फट ठेवली. गवताचं खोपटच झालं ते. त्यात पिल्लं सरकवली. मला म्हणाल्या, "चल आता. माणसाचा वास ऱ्हातो."

सकाळी मी उठल्या उठल्या पळत गेले. खोपटात काही नव्हतं. आईनं हलवली म्हणावं तर तसं, कोल्ह्यानं नेली म्हणावं तर तसं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आईनंच नेली." त्यांनी इतक्या चटकन सांगितलं की मला खरं वाटलं नाही. पण मी परत विचारलं नाही.

शिक्षा अजून बाकी होती. ओढ्याच्या पट्ट्यात नुसते ससे नव्हते. त्या गवताच्या बुडाशी उंदरांचं अख्खं गाव वसलेलं, ते मी उठवलं. काही उंदीर घारींनी उचलले. घराशेजारच्या लिंबावर घुबड मुक्कामालाच आलं. उरलेले उंदीर शहाणे निघाले. ते आधी गवताच्या गंजीत आले, गंजीतून कणगीत आणि कणगीतून माझ्या लग्नाच्या पेटीत. संक्रांतीला शालू काढला तर पदराची जाळी झालेली! बायका हळदीकुंकवाला आलेल्या. मी तोंड बारीक करून पदर दाखवला, तर सासूबाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "बरं झालं. तू त्यांचं पांघरूण काढलंस, त्यांनी तुझं घेतलं." तो शालू मी अजून ठेवलाय. नात विचारते, "आजी, ही डिझाईन आहे का?" मी म्हणते, "व्हय, केंदूरची."

पुढच्या वर्षापासून मी सशाच्या वाट्याची राखणदार झाले. नवा बाटगा जास्त बांग देतो म्हणतात, तशी. शेजारच्या मेंढ्या वळल्या की मीच आधी ओरडायची. आणि बघता बघता मला त्या गवताचं थोडंफार कळायला लागलं. पुस्तकातलं नव्हे, येता-जाता दिसतं तेवढंच. उंदराला बुडाशी दाट लागतं, इतकं की वरून त्याची शेपूटसुद्धा दिसू नये. सशाचं वेगळं. त्याला डोक्यावर झाकण हवं, पण पायाशी पळायला मोकळीक हवी, म्हणून तो दोन झुडक्यांच्या मधे बसतो. त्याची बसायची जागा हातानं चाचपली तर त्याच्या अंगाच्या आकाराचा खळगा लागतो, आणि तो नुकताच उठला असेल तर तो खळगा कोमट असतो. शेपटीला गोंडा असलेला, मागच्या पायांवर उड्या मारणारा उंदीर मात्र कापलेल्या बाजूला, जरा उघड्यावर बीळ करायचा. म्हणजे बीळ होतं, फक्त माझ्या सशाचं नव्हतं! सगळं उंच ठेवलं तर काहींची अडचण, सगळं कापलं तर सगळ्यांचीच. सासूबाईंची अर्धं कापायची आणि पट्टा ठेवायची रीत कुणी बसवली होती, देव जाणे. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "माझ्या सासूनं सांगितलं, म्या केलं. तुझ्या सासूनं सांगितलं, तू न्हाई केलंस. येवढाच फरक."

सासूबाई गेल्या. मामंजी गेले. मग आमचे हे गेले. गवतही गेलंच म्हणायचं, उभं होतं तरी. गोठ्यात जर्सी गाई आल्या. त्या खातात मुरघास आणि हत्तीगवत. माळाचं गवत त्यांच्या नाकाला लागत नाही. कापायला कुणी येईना. शेजाऱ्यांनी आपापले माळ सपाट केले. कुणी कांदा केला, कुणी डाळिंब लावलं, कुणी दगड रोवून प्लॉट पाडले. खालच्या अंगाला पाइपलाइन आली आणि मागोमाग ऊस आला. गंमत बघा, ज्या उसातून मी उठून आले तो माझ्या मागं चालत चालत केंदूरपर्यंत आला. आमचा तेवढा उतार राहिला. जमीन मुरमाड आणि म्हातारी हट्टी, ही दोनच कारणं.

उसाबरोबर बिबट्या आला. आता आमच्याकडे हे कुणाला नवं नाही. पोरंसोरं सुद्धा बिबट्याच्या गोष्टी मांजराच्या सांगाव्यात तशा सांगतात. पण यंदाच्या हिवाळ्यात आजूबाजूची ऊसतोड सुरू झाली आणि तो वस्तीकडे सरकला. पलीकडच्या वस्तीवरची शेळी नेली. आणि एका सकाळी आमच्या परड्यात, नळाखालच्या ओल्या मातीत, त्याच्या पावलांचे ठसे उमटलेले. तो नळ म्हणजे माझ्या नातीची खेळायची जागा. तिची बाहुलीची अंघोळ तिथंच चालते.

माझा मुलगा रांजणगावच्या बाजूला एका कंपनीत आहे. आठवडाभर दिवसाची पाळी, आठवडाभर रात्रीची. रात्रपाळीच्या आठवड्यात घरात सून, नात आणि मी. ठसे बघितल्यापासून सून झोपेनाशी झाली. दाराला आतून पाटा लावून बसायची. एकदा मला म्हणाली, "आत्या, तुमच्या सुनेला हसा पायजे तेवढं. पण गवत हाललं की मी पोरीला उचलून आत पळते." मी हसले नाही.

मग मुलानं विषय काढलाच.

"आई, माळावरचं गवत काढायचं. रोटाव्हेटर सांगितलाय."

"बिबट्या ऱ्हातो उसात. ऊस काढ की."

"ऊस आपला हाय का? आन् ज्याचा हाय त्याला कारखाना तोड दील तवाच तो काढील."

"म्हंजी ज्याची तोड येत न्हाई त्यो सुटला, आन् गवात गरीब म्हणून घावलं."

"आई, चेष्टा नको. उसातून निघून तो गवतातनं घरापर्यंत येतो. अंधारात कळत पण न्हाई. लाइट मारली तरी गवतच दिसतं."

"आन् ससे?"

त्यानं दाराकडे बघितलं. आत सून पोरीला भरवत होती, तिचा आवाज येत होता: "हा घास चिऊचा, हा घास काऊचा." मला कळलं की मी हरले, आणि माझ्या नातीच्या जिवापुढं सशाचा जीव मी कुठल्या तोंडानं मागणार होते? सासूबाई असत्या तर त्यांनीही मागितला नसता. वाद घालायला जागाच नव्हती. समोर कुणी वाईट असलं की भांडायला जोर येतो. इथं सगळेच आपले, आणि सगळ्यांचंच बरोबर.

तरी मी बाजारातल्या बाईसारखी घासाघीस केली. म्हटलं, "सगळा काढ. पण ओढ्याकडचा पट्टा ठिव. तुझ्या आज्जीचा हाय."

"ओढ्याच्याच वाटेनं तर तो येतो. तिथं कसं ठेवणार?"

"मग कुठंतरी ठिव."

त्यानं जरा विचार केला. "मधे ठेवतो. चारी बाजूंनी मोकळं असलं म्हंजे काय आलं-गेलं ते दिसंल. चालंल?"

चालेल? मी तर खूश झाले! दोन घास जास्त जेवले. सुनेला म्हटलं, "बघितलंस? म्हातारीनं वाटा मिळवलाच." त्या जुन्या दौंडवालीला मी आयुष्यभर हसत आले, आणि ती मेली अजून माझ्यातच बसलेली, विळा घेऊन.

ट्रॅक्टर सकाळी आला, मागं रोटाव्हेटरची फिरती पाती. मी ओट्यावर काठी घेऊन बसले. ट्रॅक्टरवाला पोरगा कामाचा. त्यानं माळाच्या कडेकडेनं पहिली फेरी मारली, मग तिच्या आतून दुसरी, मग तिच्या आतून तिसरी. ट्रॅक्टरची तीच रीत. बाहेरून आत, गोल गोल, म्हणजे वळायला सोपं पडतं. तिसऱ्या की चौथ्या फेरीला माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या बायका घराकडून ओढ्याकडे कापत जायच्या, तेव्हा गवतातलं सगळं त्यांच्या पुढं पुढं सरकत ओढ्याच्या पट्ट्यात जायचं, आणि तिथून पलीकडच्या माळावर. इथं बाहेरचा रस्ता आधीच बंद झाला होता. जे काही होतं ते सगळं मधे, मधे, मधे ढकललं जात होतं. आणि पलीकडे आता माळ नव्हताच.

मी काठी घेऊन उठले. माझ्या गुडघ्यांना उठायला लागतो तो वेळ लागलाच. ढेकळांत पाय टाकत, काठी हवेत फिरवत मी ओरडत निघाले, "आरं थांब! आतून बाहेर घे, आतून बाहेर!" पोरानं मला लांबून बघितलं, हसला, हात हलवला आणि मोठ्यानं म्हणाला, "चहा नंतर घेतो, आजी! येवढं उरकू द्या!"

त्यानं उरकलं. लाल-करड्या उघड्या मुरमात मधे गवताचा एक ठिपका राहिला. लांबून डोक्यावरच्या शेंडीसारखा दिसत होता. गवताचा बारीक भुगा झालेला, त्यामुळे उभी करायला एक पेंढी सुद्धा नव्हती. दुपारी कापशी घार आली. ती हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते, खाली बघते आणि दगडासारखी पडते. त्या दिवशी तिला फार थांबावं लागत नव्हतं. पोटभर खाऊनही ती जात नव्हती. मी हाडहाड केलं, तर ती विजेच्या तारेवर बसून माझ्याकडे बघत राहिली. तिचंही काही चुकत नव्हतं.

मी गोठ्यात गेले. मागच्या साली घेतलेला थोडा ज्वारीचा कडबा एका कोपऱ्यात होता. एक पेंढी काखेत धरली, ओढत ओढत माळावर नेली, आणि ठिपक्यापासून थोड्या अंतरावर सासूबाईंसारखी उभी केली. ती पडली. मग दुसरी आणून तिला टेकवली. असं करत ओढ्यापर्यंत खोपटांची ओळ करायची, म्हणजे एका खोपटातून दुसऱ्यात लपत लपत कुणी गेलंच तर जाईल, असा माझा बेत. रस्त्यानं गावातले एक आप्पा मोटारसायकलवर चालले होते. थांबले.

"काय चाललंय, म्हातारे?"

"सशासाठी वाट करतीय."

"वाट न्हवं, एष्टीचे थांबे दिसत्यात! टायमटेबल बी लाव."

"लावते. पयली गाडी तुमच्या दारात सोडते."

ते हसत गेले. मीही हसले. हसण्याशिवाय त्यात करण्यासारखं काही नव्हतं. पेंढ्या चार आणि माळ एवढा मोठा. तेवढ्यात मागून चाहूल लागली. सून डोक्यावर दोन पेंढ्या घेऊन येत होती. पोरीला कडी लावून घरात ठेवलेलं, तिचा दारावर धडाधडा आवाज येत होता. सुनेची नजर सारखी ओढ्याकडे. पेंढ्या टेकवल्या, शेंडे अडकवले, वीतभर फट ठेवली. तिला कुणी शिकवलं होतं? मी तर कधी सांगितलं नव्हतं. मग वाटलं, त्या पिल्लांची गोष्ट सांगताना दहादा सांगितलेलं असणार. म्हातारपणी आपण काय सांगितलं आणि काय नुसतं मनात म्हटलं, याचा हिशोब राहत नाही.

ऊन कलेपर्यंत जेवढा कडबा होता तेवढी खोपटं झाली. ओढ्यापर्यंत पोचली नाहीत. अर्ध्यातच ओळ संपली.

सकाळी उजाडता उजाडता कुत्री आली. ही गावची पाळलेली कुत्री नव्हेत. हमरस्त्याला चिकनची दुकानं झालीत, त्यांच्या टाकलेल्या तुकड्यांवर पोसलेली टोळी आहे ती. बिबट्यालाही ती भीत नाहीत. मी दार उघडलं तेव्हा ती ठिपक्याच्या चारी बाजूंनी शिरत होती. गवत एकदम हललं, आतून काहीबाही बाहेर फुटलं. उंदीर तर मातीच्या रंगाचे, दिसले न दिसले. पण ससा दिसला. मोठा, बहुतेक मादी. कान पाठीला चिकटवून सरळ ओढ्याकडे पळाली. पेंढ्यांच्या ओळीशेजारून पळाली, त्यात शिरली नाही. खोपटं तिला ठाऊक नव्हती, तिला गवत ठाऊक होतं. ओळ संपली, पुढं उघडा मुरूम. तिथं दोन कुत्र्यांनी तिला आडवं घातलं.

मी ओट्यावरून ओरडत होते. "हाड्! हाड् मुडद्यानो!" काठी फेकली, ती परड्यातच पडली. मग काठीशिवाय मला उतरताही येईना. दाराची चौकट धरून तशीच ओरडत राहिले. सून आतून बाहेर यायला बघत होती आणि पोर तिच्या पायाला मिठी मारून रडत होतं.

तेवढ्यात मुलगा रात्रपाळी करून आला. गाडी आडवी टाकली आणि अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात हेल्मेट, तसाच माळात धावला. हेल्मेट फिरवत, आरडाओरडा करत त्यानं कुत्री पांगवली. ती फार लांब गेली नाहीत. ओढ्याच्या कडेला जीभ काढून बसली. सशाचं जे झालं होतं ते झालं होतं. त्यानं तिकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवली. ठिपक्यात पाय घालून गवत विस्कटून बघितलं. आत काही उरलं नव्हतं.

परत येताना तो एका पडलेल्या पेंढीपाशी थांबला. वाकला. कुत्र्यांनी ते खोपट उधळलं होतं, एक पेंढी आडवी पडलेली. त्यानं ती उचलली आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. मला वाटलं, कुत्रं चावलं की काय.

तो ओट्याकडे आला तेव्हा हेल्मेट त्यानं उलटं धरलेलं होतं. आत सशाचं पिल्लू. मुठीएवढं. डोळे टक्क उघडे, अंग हेल्मेटच्या अस्तराला चिकटवलेलं, जणू आम्ही तिथं नाहीच. सून बघायला आली, नातही रडायची थांबून आली. मुलानं मान वळवून सगळीकडे पाहिलं. नांगरलेल्या माळाकडे, ओढ्याकाठी बसलेल्या कुत्र्यांकडे, तारेवरच्या घारीकडे, पलीकडच्या उसाकडे. मग माझ्याकडे. लहानपणी काही मोडलं की हा असाच माझ्याकडे यायचा, मोडलेलं हातात घेऊन. मी तोंड उघडलं. पेंढ्या उभ्या कर, असं म्हणणार होते.

तो म्हणाला, "आई, तूच सांग, ह्याला आता ठिवू कुठं?"